भाड्याचं रण नको : बेटम्याचा जाहीरनामा

आम्ही बेटमा आणि आसपासच्या गावांत राहणारी माणसं आहोत. आमच्यात सोयाबीन-गहू पिकवणारे आहेत, पिथमपूरच्या कारखान्यांत पाळ्या करणारे आहेत, महूच्या छावणीतून निवृत्त झालेले जवान आहेत, मास्तर आहेत, आणि शेतावर फवारणीचा ड्रोन उडवायला शिकलेल्या मुलीही आहेत. होळकरांच्या दिवसांत दख्खनेतून माळव्यात आलेल्या घरांपैकी काही आमची, म्हणून हा मसुदा मराठीत लिहिला. माळवी आणि हिंदीत तो आम्ही स्वतः गावोगाव वाचून दाखवू.

आजपासून आम्ही एक चळवळ सुरू करतो आहोत. तिचे आग्रह दोन. परक्या युद्धासाठी इथला माणूस भाड्यानं जाणार नाही. आणि इथल्या हातात आलेलं उडतं यंत्र अनोळखी माणसाच्या युद्धाला जुंपलं जाणार नाही. हे दोन आग्रह एकाच जाहीरनाम्यात का, ते आधी सांगतो. ते पटलं नाही तर पुढचं सगळं पोकळ आहे.

१. युद्ध स्वस्त कसं झालं

कार्बन फायबरची हातभर चौकट, चार मोटारी, एक बारीक कॅमेरा, चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर गॉगल, आणि खाली प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळलेला रॉकेट-ग्रेनेडचा गोळा. युक्रेनच्या रणांगणावर आज सगळ्यात जास्त धास्ती या हत्याराची आहे. शर्यतींसाठी बनलेल्या ड्रोनचंच हे रूप. काहीशे डॉलरचं हे यंत्र लाखो डॉलरचा रणगाडा निकामी करतं. शत्रूनं रेडिओलहरी जाम करायला सुरुवात केली, तेव्हा मागे काचेची बारीक तार सोडत उडणारे ड्रोन आले. त्यांना जॅमरचं भय नाही. २०२४ या एका वर्षात युक्रेननं दहा लाखांहून अधिक ड्रोन बनवले, आणि त्यातले कितीतरी छोट्या गाळ्यांत, गॅरेजांत, तळघरांत जुळवलेले होते. रशियाही त्याच वाटेनं गेला.

याचा परिणाम असा, की आघाडीच्या दोन्ही बाजूंना काही मैल रुंदीचा एक पट्टा तयार झाला आहे. तिथे दिवसाउजेडी चालणारा माणूस थोड्याच वेळात टिपला जातो. पण जमीन ताब्यात घ्यायची तर तिच्यावर कोणाला तरी पाय ठेवावाच लागतो. ड्रोन खंदक रिकामा करू शकतो, त्यात ठाण मांडून बसू शकत नाही. मग या पट्ट्यात पाठवायला माणूस शोधला जातो, आणि शक्यतो असा, की ज्याच्या मरणाचा जाब आपल्या शहरात, आपल्या मतदाराला, आपल्या शेजारणीला द्यावा लागणार नाही. यंत्र स्वस्त झाल्यानं माणूस वाचेल असं वाटलं होतं. घडलं ते असं, की यंत्रासमोर उभं करायला परका माणूस हवासा झाला.

याचे दाखले डोळ्यांसमोर आहेत. २०२४ च्या शरद ऋतूत उत्तर कोरियाचे सैनिक रशियाच्या कुर्स्क प्रांतात उतरले. त्यांची संख्या दहा हजारांवर असल्याचा दक्षिण कोरियाचा अंदाज होता. उघड्या शेतांतून घोळक्यानं चालत जाणारे हे सैनिक सुरुवातीला ड्रोनच्या तोंडी पडले. आपले सैनिक तिथे आहेत हे प्याँगयांगनं मान्य केलं ते एप्रिल २०२५ मध्ये, म्हणजे कित्येक मेल्यानंतर. त्याआधी सप्टेंबर २०२३ मध्ये क्यूबाच्या सरकारनं आपल्या नागरिकांना रशियाच्या युद्धात ओढणारी टोळी उघड केल्याचं सांगितलं. जानेवारी २०२४ मध्ये नेपाळनं रशिया आणि युक्रेनला कामासाठी जाण्याचे परवाने बंद केले, कारण नेपाळी तरुणांची प्रेतं डोळ्यांआड करणं त्या सरकारला अशक्य झालं होतं.

ही साखळी दुसऱ्या टोकालाही परक्यांनीच ओढली जाते. रशियाच्या तातारस्तानात अलाबुगा नावाचा औद्योगिक परिसर आहे. तिथे इराणी बनावटीचे शाहेद जातीचे हल्लेखोर ड्रोन तयार होतात. ते जुळवायला युगांडा, रवांडा, केनिया, नायजेरिया अशा देशांतल्या अठरा ते बावीस वर्षांच्या मुली आणल्या गेल्या. त्यांना नोकरी आणि शिक्षणाचं आमिष होतं; बऱ्याच जणींना आपण काय जुळवणार आहोत हे तिथे पोचल्यावर कळलं. ड्रोन बनवणारी परकी मुलगी आणि ड्रोनसमोर उभा केलेला परका मुलगा, दोघं एकाच जाहिरातीला फसलेले. म्हणून आमची चळवळ एकच आहे.

२. आपली मुलं कशी गेली

फेब्रुवारी २०२४ मध्ये गुजरातमधला तेवीस वर्षांचा एक तरुण युक्रेनच्या आघाडीवर हवाई हल्ल्यात मारला गेला. तो सैनिक व्हायला गेला नव्हता. मदतनीसाची नोकरी म्हणून गेला होता. त्यानंतर हैदराबाद, कलबुर्गी, केरळ, पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश, काश्मीर, सगळीकडून तीच कहाणी येत राहिली. यूट्यूबवरचा एक व्हिडिओ, दुबईतला किंवा दिल्लीतला एजंट, काही लाखांचा खर्च, पर्यटक व्हिसा, मॉस्कोत उतरल्यावर पासपोर्ट काढून घेणं, रशियन भाषेतल्या कागदावर सही, पंधरा-वीस दिवसांचं बंदुकीचं शिक्षण, आणि मग खंदक. मार्च २०२४ मध्ये सीबीआयनं व्हिसा कंपन्या आणि एजंटांविरुद्ध गुन्हा नोंदवून दिल्ली, मुंबई, चेन्नई, मदुराई, तिरुवनंतपुरम, अंबाला, चंडीगढ अशा ठिकाणी छापे घातले. जुलै २०२४ मध्ये पंतप्रधानांनी मॉस्कोत हा विषय काढला. रशियन दूतावासानं सांगितलं, की एप्रिल २०२४ पासून भारतीयांची भरती बंद आहे.

जानेवारी २०२५ मध्ये केरळचा एक तरुण आघाडीवर मेला. तेव्हा परराष्ट्र मंत्रालयानं आकडे दिले : रशियन सैन्यात गेलेल्या भारतीयांची १२६ प्रकरणं, ९६ परतले, १२ मेले, १८ अजून तिथे, आणि त्यातल्या १६ जणांचा ठावठिकाणा रशियालाही सांगता येत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रालयाला पुन्हा इशारा द्यावा लागला, कारण नवे तरुण गेल्याचं समोर आलं होतं. म्हणजे छापे पडले, दोन्ही देशांच्या प्रमुखांत बोलणं झालं, तरी वाट बुजली नाही.

ती वाट दूतावासात बुजणार नाही. एजंट मुलाला गाठतो ते गावच्या चहाच्या टपरीवर, कोचिंग क्लासच्या दारात, मोबाइलवर. घाटाबिल्लोद, सागोर, देपालपूर, हातोद इथल्या ज्या मुलाची पिथमपूरमधली कंत्राटी पाळी ऑर्डर कमी झाल्या की पहिली जाते, तो मुलगा महिना दोन लाखांचा आकडा ऐकून कागद वाचत बसेल का? कोणाच्या घरी शवपेटी येण्याची वाट पाहून चळवळ काढायची नसते.

कायद्याची एक पळवाटही ध्यानात घ्या. भाडोत्री सैनिकांविषयीचा आंतरराष्ट्रीय नियम, जिनिव्हा करारांच्या पहिल्या पुरवणी करारातलं कलम ४७, भाडोत्री ठरवायला एकाच वेळी सहा अटी मागतो. त्यातली एक अशी, की तो माणूस लढणाऱ्या देशाच्या सैन्याचा सदस्य नसावा. त्या देशाच्या संरक्षण मंत्रालयाशी करार करून घेतला की तो सैन्याचा सदस्य होतो, आणि कागदावर काहीच बेकायदा उरत नाही. म्हणजे फसवून घेतलेली सही हीच पुढे त्या मुलाविरुद्धचा पुरावा होते.

३. माळव्यानं हे भोगलं आहे

भाड्याच्या सैन्याचा हिशेब माळव्याला कोणी शिकवायला नको. १७९३ मध्ये लाखेरीला शिंदे आणि होळकर एकमेकांशी लढले. शिंद्यांच्या कवायती पलटणी सॅव्हॉयच्या द ब्वान्यच्या हाताखाली होत्या, होळकरांच्या फ्रेंच दुद्रनेकच्या हाताखाली. दोन मराठी सरदारांच्या भांडणात दोन परके सेनापती, आणि मेले ते हिंदुस्थानी शिपाई. द ब्वान्य अमाप पैसा घेऊन आपल्या शांबेरी गावी परतला. तिथल्या चौकात १८३८ सालचं चार हत्तींचं कारंजं त्याच्या आठवणीत अजून उभं आहे. लाखेरीला पडलेल्यांचं कारंजं कुठेही नाही.

२५ ऑक्टोबर १८०२ ला पुण्याजवळ हडपसरला यशवंतराव होळकर जिंकले. त्या दिवशीही दोन्ही बाजूंना गोरे अधिकारी होते. वर्षभरानं इंग्रजांशी युद्ध पेटलं, तेव्हा कंपनीनं मराठ्यांच्या चाकरीतल्या आपल्या देशबांधवांना बाहेर पडण्याचं बोलावणं धाडलं. शिंद्यांचा मुख्य सेनापती पेराँ फ्रेंच होता, तरी असईच्या लढाईआधीच तो इंग्रजांच्या आसऱ्याला गेला. पगार देणारा एक आणि निष्ठा दुसरीकडे, ही भाड्याची रीतच. १८०४ मध्ये यशवंतरावांनी इंग्रजांशी संधान बांधल्याच्या आरोपावरून आपल्या चाकरीतल्या व्हिकर्ससह तीन अधिकाऱ्यांची शिरं उतरवली. ती क्रूर कृती होती आणि आम्ही तिचा गौरव करत नाही. पण त्यानंतर त्यांनी भानपुऱ्यात स्वतःच्या तोफा ओतायला घेतल्या, हा धडा आम्ही घेतो. हत्यार आणि ते चालवणारा हात आपल्या ताब्यात नसेल, तर सैन्य आपलं नसतं.

यशवंतराव १८११ मध्ये भानपुऱ्यातच वारले. २० डिसेंबर १८१७ ला होळकरांच्याच सैन्यानं राज्याचा कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंचा शिरच्छेद केला, दुसऱ्या दिवशी क्षिप्राकाठी महिदपूरला पराभव झाला, आणि ६ जानेवारी १८१८ ला मंदसौरचा तह. होळकरांच्या बाजूचा पठाण सरदार अमीरखान त्याआधीच इंग्रजांशी करार करून टोंकचा नवाब झाला होता. त्याचा मेहुणा गफूरखान याला जावऱ्याची जहागीर मंदसौरच्या तहातच मिळाली. भाड्याचे मोठे सरदार नवाब झाले. साध्या शिपायाला ना पेन्शन, ना जमीन. त्याच तहानं कंपनीचं सैन्य माळव्यात कायमचं बसलं, आणि महूची छावणी वसली.

या छावणीत १४ एप्रिल १८९१ ला बाबासाहेब आंबेडकर जन्मले. वडील सुभेदार रामजी इंग्रजांच्या लष्करात होते. महारांनी कंपनीच्या आणि राणीच्या फौजेत पिढ्यान् पिढ्या शौर्य गाजवलं. पण त्याच दशकात सरकारनं लढाऊ जातींची यादी काढली आणि महारांची भरती बंद करून टाकली. दुसऱ्याच्या सैन्यातली जागा दुसऱ्याच्या मर्जीवर असते, हे या जिल्ह्यातलं सगळ्यात मोठं नाव आम्हाला शिकवतं.

४. आमचा विरोध कशाला नाही

आमच्यात माजी सैनिक आहेत, तेव्हा गोंधळ नको. देशाच्या संरक्षणाला आमचा विरोध नाही. २७ जून २०२१ ला जम्मूच्या हवाईतळावर ड्रोनमधून स्फोटकं पडली. मे २०२५ च्या संघर्षात ८ आणि ९ तारखेच्या रात्री पाकिस्ताननं ३६ ठिकाणी तीनशे ते चारशे ड्रोन धाडल्याचं आपल्या लष्करानं सांगितलं. असे ड्रोन पाडण्यासाठी आणि गरज पडली तर उलट पाठवण्यासाठी आपल्या सैन्याकडे ते असलेच पाहिजेत. पायदळाच्या प्रत्येक पलटणीत ड्रोनची तुकडी उभी करण्याचं लष्करप्रमुखांनी जुलै २०२५ मध्ये जाहीर केलं. पुढच्याच महिन्यात महूच्या आर्मी वॉर कॉलेजात ‘रण संवाद’ भरला. तिथे तिन्ही दलांनी तंत्रज्ञानानं युद्ध कसं बदललं यावर दोन दिवस खल केला. नागपुरात बनलेला नागास्त्र-१ हा हल्लेखोर ड्रोन २०२४ मध्ये लष्कराच्या हाती आला. यातलं काहीही आम्ही नाकारत नाही.

परदेशी सैनिक असणं हाच गुन्हा, असंही आम्ही मानत नाही. आपल्याच सैन्यात नेपाळचे गुरखे आहेत. १९४७ मध्ये भारत, नेपाळ आणि ब्रिटन यांनी तिहेरी करार केला, त्यानुसार त्यांना भारतीय जवानासारखाच पगार आणि पेन्शन मिळते. आपले जवान संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोपीत काँगोपर्यंत गेले. १९८७ ते १९९० या काळात ते श्रीलंकेत शांतिसेना म्हणून होते, आणि अकराशेहून अधिक तिथे मेले. ती मोहीम योग्य होती का, यावर आमच्यातच मतभेद आहेत. पण त्या जवानांना आपण कुठे आणि कोणाच्या हुकमानं जातोय हे माहीत होतं, आणि कोलंबोजवळच्या स्मारकावर त्यांची नावं आहेत.

म्हणून आम्ही चार प्रश्न ठरवले आहेत. दुसऱ्याच्या भूमीवर लढायला जाणाऱ्या कोणाबद्दलही ते विचारावेत. त्याला कोणाचा हुकूम आहे? करार त्याला समजणाऱ्या भाषेत आहे का? मेला तर त्याचं नाव कोण जाहीर करणार आणि घराला कोण सांभाळणार? आणि नको वाटलं तर त्याला परत येता येईल का? चारपैकी एकाचंही उत्तर मिळत नसेल, तर ती नोकरी नाही, खरेदी-विक्री आहे.

५. शेतावरचा ड्रोन

दुसऱ्या आग्रहाकडे येतो. ड्रोन आता परका राहिलेला नाही. २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोननं झाली. मध्य प्रदेशातला हरदा जिल्हा त्यात पुढे होता. नमो ड्रोन दीदी योजनेत देशभरातल्या १५,००० महिला बचत गटांना ड्रोन द्यायचे ठरले. दहा लिटरची टाकी घेऊन तो सोयाबीनवर फिरतो, तेव्हा पाठीवर पंप घेऊन विषारी धुक्यात चालणाऱ्या मजुराची त्यातून सुटका होते. हे आम्हाला हवं आहे.

पण टाकीच्या जागी बॉम्ब लावला की शेतीचा ड्रोन युद्धाचा होतो. म्यानमारच्या बंडखोरांनी शेती-फवारणीचे ड्रोन बॉम्ब टाकायला वापरले, आणि मग लष्करानंही तेच केलं. युक्रेनचे सहा पंखांचे जड ड्रोन, ज्यांना रशियन सैनिक भीतीनं ‘बाबा यागा’ म्हणतात, ते शेतीच्या ड्रोनचेच भाऊबंद. आपल्या देशातही १ सप्टेंबर २०२४ ला मणिपूरच्या कोत्रुक गावावर ड्रोनमधून बॉम्ब पडले. खेरसन शहराजवळ रशियन ड्रोनचालकांनी रस्त्यावरच्या नागरिकांचा पाठलाग करून त्यांना मारलं. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगानं मे २०२५ मध्ये त्याला मानवतेविरुद्धचा गुन्हा म्हटलं. हातात हेच यंत्र असणाऱ्यानं हे वाचून गप्प बसू नये.

घरी बनवलेलं उडतं हत्यार माळव्याला नवखं नाही. आमच्याच तालुक्यात गौतमपुऱ्याला दिवाळीच्या पाडव्याला हिंगोट युद्ध होतं. हिंगोटाचं फळ पोखरायचं, आत बारूद ठासायची, तोंड मातीनं बुजवायचं, दिशा राहावी म्हणून बांबूची काडी बांधायची, आणि पेटवून समोरच्या दळावर सोडायचं. तुर्रा आणि कलंगी अशी दोन दळं असतात, हातात ढाल असते. माणसं भाजतात, मृत्यूही झाले आहेत, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. त्या प्रथेचं समर्थन आम्ही इथे करत नाही. पण हिंगोट फेकणाऱ्याला माहीत असतं, की समोर कोण आहे, खेळ कोणत्या मैदानात आहे आणि तो कधी थांबणार. ड्रोनच्या गॉगलमध्येही समोरच्या माणसाचा चेहरा दिसतो, कधी कधी त्याचे जोडलेले हातसुद्धा. पण तो कोणत्या देशाचा, स्वखुशीनं आलाय की फसून, हे चालकाला कळत नाही. आणि युद्ध कधी थांबणार, हे दोघांनाही कळत नाही.

आणखी एक गोष्ट पिथमपूरच्या रस्त्यावरच्या प्रत्येकानं ऐकावी. १ जून २०२५ ला युक्रेननं रशियाच्या आत खोल असलेल्या हवाईतळांवर ११७ ड्रोन सोडले. ते ट्रकवर लादलेल्या लाकडी खोपट्यांत दडवून नेले होते. खोपट्यांची छपरं उघडली आणि ड्रोन उडाले. ट्रक चालवणाऱ्यांना आपण काय वाहून नेतोय याची कल्पना नव्हती, अशा बातम्या आल्या. लष्करी डावपेच म्हणून कोणी याचं कौतुक करो. आम्हाला त्या ट्रकवाल्यांत इंदूर-अहमदाबाद रस्त्यावरचे आमचे भाऊ दिसतात. या युद्धात माणूस नकळतही सामील होतो. नकळत सामील व्हायचं नाही, हा आमचा हट्ट.

६. मागण्या

केंद्र सरकारकडे. परदेशी जाणाऱ्या कामगारांसाठी १९८३ चा उत्प्रवासन कायदा आहे, पण दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवरची मंजुरीची अट फक्त अठरा देशांपुरती आहे. त्यात आखात आहे, मलेशिया आहे, रशिया नाही. जिथे युद्ध सुरू आहे त्या प्रत्येक देशासाठी ही तपासणी लागू करा, आणि पर्यटक व्हिसावर कामाला पाठवणाऱ्याला मानवी तस्करीचं कलम लावा. परदेशी सैन्यासाठी भारतात भरती करणं हा सरळ, स्वतंत्र गुन्हा ठरवा. भाडोत्री सैनिकांविरुद्धच्या १९८९ च्या संयुक्त राष्ट्र करारात भारतानं सामील व्हावं, आणि त्यातली करारनाम्याची पळवाट बुजवण्याचा आग्रह तिथे धरावा.

मृतांची आणि बेपत्तांची नावं, कुटुंबाची संमती घेऊन, सरकारनं जाहीर करावीत. बेटम्यात सापडलेला भोज राजाचा ताम्रपट इ.स. १०२० चा आहे. कोकण जिंकल्याच्या उत्सवात दिलेल्या दानाचा तो लेख आहे. दान घेणारा कोण हे त्यात आहे, गाव आहे, तिथी आहे. कोकण घेताना पडलेल्यांपैकी एकाचंही नाव नाही. हजार वर्षांनंतर तरी आम्हाला नुसते आकडे नकोत.

अग्निपथ योजनेतल्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षं भरत आली. चारांपैकी तीन जवान बाहेर पडणार. बंदूक चालवता येणारा, पंचविशीच्या आसपासचा, नोकरी शोधणारा तरुण हा एजंटाला हवा तसाच माल आहे. त्याला नोकरी देण्याची जबाबदारी आश्वासनांवर सोडू नका. किती जणांना कुठे काम मिळालं याचा जिल्हावार तक्ता दर सहा महिन्यांनी प्रसिद्ध करा.

राज्य सरकार आणि पंचायतींकडे. प्रत्येक पंचायतीत परदेशी गेलेल्या कामगारांची वही असावी : कोण, कुठे, कोणत्या एजंटामार्फत. ड्रोनचं प्रशिक्षण देणाऱ्या प्रत्येक संस्थेत युद्धाच्या नियमांचा आणि नागरिकांच्या संरक्षणाचा एक पाठ सक्तीचा करा. ड्रोन नियम २०२१ नुसार नोंदणी, वजनाचे गट, परवाने हे सगळं आहे. त्या यंत्रानं काय करू नये हे शिकवणारा कोणी नाही.

पिथमपूरच्या कारखानदारांकडे. मोटारी, बॅटऱ्या, नियंत्रणपट्ट्या, कार्बन फायबर हे सुटे भाग कोणत्याही कामाला लागतात, हे आम्हाला कळतं. पण परदेशी गिऱ्हाईक नाव बदलून, तिसऱ्या देशामार्फत, घाईनं मोठा माल मागत असेल, तर तो कुठे वापरला जाणार हे विचारा. आणि कामगाराला तो काय बनवतोय हे सांगा.

७. आम्ही स्वतःवर घातलेली बंधनं

मागण्या करणाऱ्यानं आधी स्वतः काही बांधून घ्यावं.

आमच्यापैकी कोणाच्याही घरातलं मूल परदेशी जात असेल, तर एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का हे पाहिल्याशिवाय पैसा द्यायचा नाही. नोंदणीकृत एजंटाला तीस हजार रुपये आणि वर जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. लाखांचा आकडा ऐकला की तिथेच उठायचं. पासपोर्ट कोणाच्या हाती ठेवायचा नाही. न कळणाऱ्या भाषेत सही करायची नाही.

दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी बेटम्यात करारवाचन बसेल. ज्याला परदेशचा कागद आला आहे, त्यानं तो आणावा. निवृत्त जवान, वकील आणि इंग्रजी जाणणारे मास्तर तो वाचून मराठी, माळवी, हिंदीत सांगतील. यासाठी पैसा घेतला जाणार नाही.

आमच्यातले ड्रोनचालक अशी शपथ घेतील : परवान्याबाहेरचं काहीही ड्रोनला बांधणार नाही, उड्डाणाची नोंद खोडणार नाही, ड्रोन शस्त्र बनवायला शिकवण्याचं काम अनोळखी माणसासाठी, देशात किंवा परदेशात, कितीही पैशाला करणार नाही. महूमधले आमचे माजी सैनिक शाळा-कॉलेजांत जाऊन खंदकात काय असतं हे सांगतील, कारण व्हिडिओतलं युद्ध पाहिलेल्या मुलाला ते खरं युद्ध पाहिलेल्यानंच सांगावं लागतं.

जो मुलगा फसून जाऊन परत आला, त्याला आम्ही भाडोत्री म्हणणार नाही. त्याच्या घरच्यांना टोमणे मारणाऱ्याला आमच्या बैठकीत जागा नाही. तो परतला म्हणून पुढचा वाचेल.

रशिया की युक्रेन, या भांडणात चळवळ पक्ष घेणार नाही. आक्रमण कोणी केलं हे जगाला माहीत आहे, आणि त्याबद्दल बोलायला प्रत्येक सदस्य मोकळा आहे. शस्त्र किंवा ड्रोन विकणाऱ्या कंपनीची, भरती करणाऱ्या संस्थेची, कोणत्याही दूतावासाची देणगी आम्ही घेणार नाही. निवडणुकीत उमेदवार उभा करणार नाही.

८. आवाहन

सदस्य होण्याला वर्गणी नाही. एक काम मात्र घ्यावं लागेल : एक गल्ली, एक पाडा किंवा एक कारखान्याची पाळी. तिथल्या प्रत्येक घरी वरचे चार प्रश्न पोचवायचे, आणि परदेशी नोकरीचं बोलणं कानावर आलं की चोवीस तासांच्या आत त्या घरी जाऊन बसायचं. देपालपूर, गौतमपुरा, हातोद, घाटाबिल्लोद, सागोर आणि महू इथे आम्हाला प्रत्येकी किमान दोन माणसं हवी आहेत, आणि त्यातली एक बाई असावी, कारण घरात कर्जाचा आणि नोकरीचा विषय पहिल्यांदा तिच्या कानावर पडतो.

इंदूरच्या, देवासच्या, धारच्या, ग्वाल्हेरच्या आणि बडोद्याच्या मराठी मंडळींनी हा मसुदा आपल्या गावाच्या नावानं पुन्हा लिहावा. आमची परवानगी मागू नये. नागपूर, नाशिक, सोलापूर, जळगावच्या आयटीआयमधल्या मुलांनी तो वाचावा. चुका काढाव्यात. आक्षेप असतील ते समोर येऊन मांडावेत.

दोनशे वर्षांपूर्वी माळव्यानं आपल्या लढाया परक्यांच्या हातानं लढल्या आणि राज्य घालवलं. आता परक्यांच्या लढाया आपल्या हातानं लढून मुलं घालवायची नाहीत. ज्यांना हे मान्य आहे त्यांनी येत्या बाजाराच्या दिवशी बेटम्याला यावं आणि कामाची गल्ली निवडावी.

बेटमा, जिल्हा इंदूर